डॉक्टरला सांगायचं नाही

२४ डिसेंबर

आयुष, ही वही तू मला देऊन गेलास त्याला पंधरवडा उलटला आणि पहिली ओळ मी आज लिहितोय. उशीर झाला, रागावू नकोस. पेन धरायची सवय राहिली नाही. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर जन्मभर हातात हातोडा. रूळ घट्ट धरणाऱ्या चाव्या ठोकत चालणाऱ्या माणसाला अक्षरं लागतात ती सहीपुरती.

दौंड स्टेशनावर गाडीत चढताना तू म्हणालास, "आबा, तुम्ही दिवसातनं इतक्यांदा फोन करता की पोरं हसतात. मनात काय आलं तर ह्यात लिहा. मी आल्यावर सगळं वाचीन." तेव्हापासून मी फोन कमी केलेत. पण वहीही उघडली नाही, त्यामुळे सगळं डोक्यातच साठलं. आज तुझी आजी म्हणाली, "आवो, लिवा एकदाचं. न्हाईतर माझं डोकं खाताय."

तिकडे राउरकेल्याला थंडी फार असते असं माझा नोकरीतला दोस्त पाशा म्हणतो. तो स्वतः कधी सोलापूरच्या पुढे गेलेला नाही. तरी मला काळजी वाटतेच. गोलीला, म्हणजे गोल राखणाऱ्याला, पळायचं नसतं, उभं राहायचं असतं. उभ्या माणसाला गारठा जास्त लागतो.

दुसरी काळजी मोठी आहे. कॉलेज संपलं की पोरं हॉकीची काठी माळ्यावर टाकून कंपनीत लागतात. तू आणि पाशाचा शाहरुख, दोघंच लीग खेळायला निघालात. कॉलेजात एका टीममध्ये होतात, आता दोन वेगळ्या टीममध्ये आहात. शाहरुख पुढे पळणारा, रोज खेळतो. तू टीमचा दुसरा गोली. पहिल्याला काही झालं तरच तुझी पाळी, हे मला फार उशिरा कळलं. तोपर्यंत मी सगळ्या आळीला सांगून बसलो होतो की नातू टीव्हीवर दिसणार.

आणि लीग संपल्यावर काय? ती काही वर्षभर चालत नाही. रेल्वेचे निवड करणारे साहेब सामने बघायला येतात असं तू सांगितलंस. त्यांनी तुला एकदा गोलात उभा बघावा, बस. रेल्वेत लागलास की माझी काळजी मिटली. म्हणजे मिटणार नाही, पण कमी होईल.

२६ डिसेंबर

तुमचा सामना लागला होता. पाशा आणि शाहरुखची बहीण सबा आमच्याकडे बघायला आले. तू बाकावर बसलेला दोनदा दिसलास. टॉवेल मानेभोवती होता, बरं वाटलं.

पाशा म्हणाला, "साहेबराव, तुमचा नातू बाक लई झकास सांभाळतोय. एकदा बी हलू दिला न्हाई."

मी म्हणालो, "तुमचा शाहरुख परवा पळत व्हता तवा बॉल मागं राहिला व्हता. कुणीतरी त्याला सांगा, बॉल बी न्यायचा असतो."

सबा हसून हसून खोकायला लागली. तुझी आजी म्हणाली, "दोगं बी सिग्नलच्या खांबावानी म्हातारे झालात, पर भांडताय शाळंतल्यावानी." पाशा सिग्नल खात्यात होता म्हणून तिनं ते मुद्दाम म्हटलं.

तुम्ही हरलात. तुझ्या पहिल्या गोलीनं दोन गोल खाल्ले. मला वाईट वाटलं असं लिहायला पाहिजे. पण ही वही तूच वाचणार आहेस, खोटं कशाला लिहू?

२९ डिसेंबर

आज तूच फोन केलास. आवाज जड होता. म्हणालास, पहिल्या गोलीची मांडी भरली आहे, तीन तारखेला मी गोलात उभा राहणार. मी उठून उभाच राहिलो.

मग हळूच म्हणालास, "आबा, एक सांगतो, आईला सांगू नका. परवा सरावात खाली पडलो होतो, तेवढ्यात बॉल आला. हेल्मेट सरकलं होतं. कानाच्या वर बसला. दोनदा उलटी झाली. डोकं दुखतंय अजून, उजेड नको वाटतो. पण डॉक्टरला सांगितलं तर तो सरळ बसवतो. लई दिवस बसवतो. मग माझी मॅच गेली."

मी म्हणालो, "मग नको सांगू."

तू म्हणालास, "तेच विचारायला फोन केला."

बरं वाटलं की तू मला विचारलंस. बापाला नाही विचारलंस, मला विचारलंस. आणि मला यातलं कळतं. रेल्वेत ठरलेल्या वर्षांनी डॉक्टरी तपासणी व्हायची. डोळे, कान, रक्तदाब. त्यात बसला नाहीस की लाइनीवरून काढून कुठेतरी बसवणार, नाहीतर घरी. आमच्या गँगमध्ये ज्याला लांबचं अंधुक दिसायचं, त्याला बाकीचे तक्त्यावरची अक्षरं पाठ करून द्यायचे. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत, शाळेतल्या कवितेसारखी. डॉक्टर वाईट नसतो. पण त्याच्या हातात शिक्का असतो, म्हणून त्याला काही सांगायचं नसतं.

तुला म्हणालो, डोक्याला तेल लाव आणि गरम दूध पी. पाणी बदललं की उलटी होतेच.

१ जानेवारी

सकाळी वॉर्डातल्या गाडीतून पेरणे फाट्याला गेलो. दरवर्षीसारखी गर्दी, निळे झेंडे, पुस्तकांचे ठेले. जयस्तंभाला मानवंदना देऊन बाहेर पडतोय तोच फोन वाजला. अनोळखी नंबर. कानात एक बोट घालून ऐकलं.

"आप आयुष के दादाजी? मैं टीम का डॉक्टर बोल रहा हूँ."

एका ठेल्याच्या बांबूला धरून उभा राहिलो. डॉक्टर म्हणाला, आयुषला सरावात डोक्याला बॉल लागल्याचं कुणीतरी सांगितलं. तो म्हणतो नुसता चाटून गेला. त्याने घरचा म्हणून तुमचा नंबर दिलाय. तुमच्याशी बोलताना त्याने काही तक्रार केली का? डोकेदुखी, उलटी, विसरणं?

मी म्हणालो, "नहीं साहब. कुछ नहीं बोला. एकदम ए-वन है."

"ठीक से सोचकर बताइए. यह जरूरी है."

"साहब, हम रेलवे के आदमी हैं. पोरगा ठणठणीत है."

तो म्हणाला, आपकी बात मान लेता हूँ. फोन ठेवला. मी पुस्तकवाल्याकडे पाणी मागितलं. तो म्हणाला, "आजोबा, घाम किती आलाय. बसा हितं."

एवढ्या गर्दीतही मी वेळेवर बोललो. आयुष, तुझी मॅच मी वाचवली.

३ जानेवारी

कसं लिहू! हौशीराम मला मोटारसायकलवर तुमच्या घरी वडगाव रासाईला घेऊन गेला. कारखाना चालू आहे, ट्रॅक्टरला ऊस आहे, तरी तुझ्या बापानं आज खेप बुडवली. विहारात मोठा टीव्ही लावला होता. सगळा गाव जमला होता. तुझी आई, राजश्री, भिंतीला टेकून मागे बसली. तिला पुढे बसवेना.

तू गोलात आलास तेव्हा पॅडमुळे कुणी ओळखलं नाही. मी ओळखलं. तू खांबाला हात लावून उभा होतास.

सामना बरोबरीत सुटला, मग एकेकानं येऊन गोल मारायचं ते शूटआउट सुरू झालं. शेवटचा गडी आला, तुला डावीकडे चकवून गेला, आणि तू आडवा पडून पायानं बॉल काढलास. विहारात कुणाचा आवाज कुणाला ऐकू येईना. अंकिता, तुझी चुलतबहीण, बुद्धमूर्तीपुढे जाऊन रडायला लागली. हौशीरामनं मला उचललं. मी म्हणालो, "खाली ठेव, हाडं मोडतील."

नंतर तुला माइकपुढे उभं केलं. तू काहीतरी इंग्रजीत थोडं बोललास आणि थांबलास. परत तेच बोललास. सगळे म्हणाले, पोरगं लाजतंय.

घरी आल्यावर राजश्री म्हणाली, "मामा, त्यो डोळं किती बारीक करत व्हता. बरा हाय ना?"

मी म्हणालो, "कॅमेऱ्याचे दिवे असतात. डोळ्यावर येतात."

"तुमच्याशी बोलला व्हता ना?"

"बोलला. ए-वन हाय."

तिनं भाकरी वाढली. मला दोन घास कमीच गेले.

४ जानेवारी

दुपारी तुझा फोन आला. मी म्हणालो, काय अडवलास रे बॉल! तू म्हणालास, "कुठला?" आणि मग हसलास. थट्टा करतोस म्हाताऱ्याची.

मग विचारलंस, "आबा, रंगुआजी कशी हाय? तिचा गुडघा?"

मी गडबडलो. रंगुबाई, आपली शेजारीण, दिवाळीआधीच गेली. तू पुण्याहून आलास आणि तिला खांदा दिलास. पण तू इतका खेळून दमलेला, तुला कुठे आठवण देऊन मन खट्टू करायचं? मी म्हणालो, "बरी हाय."

"माझा निरोप सांगा," म्हणालास.

माणूस दमला की विसरतो. मलासुद्धा परवा दूधवाल्याचं नाव आठवेना. पण मी म्हातारा आहे. तू तेवीस वर्षांचा आहेस.

आजीला हे सांगितलेलं नाही.

५ जानेवारी

पाशानं बातमी आणली की सात तारखेला तुमची आणि शाहरुखची टीम समोरासमोर आहे, आणि रेल्वेचे साहेब त्याच सामन्याला येणार. सबानं कुठूनतरी वाचलंय. पाशा म्हणाला, "आता कुणाकडनं टाळ्या वाजवू मी? पोरगा माझा, गोली तुमचा."

दिवसभर माझं लक्ष लागलं नाही. आनंदानं असेल.

६ जानेवारी

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही.

दुपारी सबा आली, मागोमाग पाशा. सबाच्या हातात फोन, फोनवर शाहरुख. ती म्हणाली, "आबा, दादा तुमच्याशीच बोलणार म्हणतोय."

शाहरुख म्हणाला, "आबा, आयुष बरा न्हाई. आमच्या दोन्ही टीमचं हॉटेल एकच हाय. आज सकाळी त्यो लिफ्टमधनं बाहेर आला आन् आपली खोली कुठली ते त्याला कळंना. मी घेऊन गेलो. आमच्या कॉलेजच्या सरांचं नाव इचारलं तर नुसता हसला. चार वर्षं ज्यांनी आम्हाला पळवलं त्यांचं नाव, आबा! खोलीत पडदे लावून अंधारात पडतोय. डोक्याला पहिलं लागलेलं बरं व्हायच्या आत दुसरं लागलं तर माणूस उठत न्हाई. कॉलेजात आम्हाला हे शिकवलंय."

मी म्हणालो, "मग तू सांग डॉक्टरला."

"मी कसं सांगू? मी समोरच्या टीमचा. उद्या मॅच हाय. सगळे म्हणतील, गोली काढायला ह्यो खोटं बोलतोय. त्यांच्या एका पोरानं पहिल्यांदा सांगितलं व्हतं, तर डॉक्टर म्हणाला, घरच्यांना इचारलंय, काय नव्हतं. आबा, त्यांनी तुमचा शब्द धरलाय. तुम्हीच सांगितलं तर त्याला बसवतील."

मला काय झालं कळलं नाही. उद्या रेल्वेचे साहेब येणार. उद्याच. मी पाशाकडे बघून म्हणालो, "तुमच्या पोराला उद्या गोल मारायचाय, म्हणून आमच्या पोराला बाकावर बसवताय व्हय?"

सबानं फोन बंद केला. पाशा माझ्याकडे बघत राहिला. नोकरीत एका डब्यातून आम्ही जेवलोय. त्यानं चप्पल घातली आणि "चल बेटा" म्हणून निघून गेला. चहा तसाच राहिला.

तुझी आजी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "डोक्याला लागलंय, हे तुमाला कवापास्नं ठावं हाय?"

मी सगळं सांगितलं. उलटी, डॉक्टरचा फोन, आणि रंगुबाई. रंगुबाईचं ऐकून ती खालीच बसली.

"मेलेल्या बाईला बरी हाय म्हणालात?"

"त्याला वाईट वाटू नये म्हणून गं."

"आवो, त्याचं वाईट वाटायचं सोडा. त्याला आठवलं न्हाई, हे तुमाला दिसलं न्हाई? तुमाला नुसती नोकरी दिसली."

"मी त्याच्याच भल्याचं बघितलं."

"लावा फोन."

"अगं, त्याला कळलं मी सांगितलं तर त्यो माझं तोंड बघणार न्हाई."

ती म्हणाली, "न बघू द्या. बघाया डोळं तर राहूद्यात त्याचं."

तरी मी आज फोन लावला नाही. लावीन म्हणालो आणि लावला नाही. नंबर काढून बसलो होतो. जन्मभर डॉक्टरपासून माणसं लपवली. आता माझ्याच नातवाला त्याच्या हाती द्यायचं.

७ जानेवारी

सकाळी चहाच्या आधी लावला. पहिल्यांदा उचलला नाही. मनातल्या मनात म्हणालो, चला, नशिबात नाही. आजी समोरच उभी होती. म्हणाली, "परत."

दुसऱ्यांदा त्याने उचलला. माझं हिंदी तुटत होतं. म्हणालो, साहब, मैं आयुष का दादा. मैंने उस दिन गलत बोला. उसको उलटी हुआ था. दो बार. सर में दर्द है. जो औरत मर गई, उसका हालचाल पूछता है. उसको मत खिलाओ.

तो म्हणाला, "दादाजी, पहले क्यों नहीं बताया?"

मी म्हणालो, गलती हो गया साहब, आणि फोन ठेवला.

संध्याकाळी सामना लावला नाही. पण भिंतीपलीकडून शेजाऱ्यांचा टीव्ही ऐकू येत होता. गोलात तिसराच कुणी पोरगा होता. शाहरुखनं गोल मारला. पाशाच्या घरातून टाळी ऐकू आली नाही.

सामना संपल्यावर तुझा फोन आला.

"आबा, डॉक्टरला तुम्हीच सांगितलंत?"

"व्हय."

"मी बसमध्ये बसलो होतो. पॅड बॅगेत भरले होते. सगळ्यांच्यासमोर उतरवलं मला."

"बाळा—"

"रेल्वेचे लोक आले होते, आबा. तुम्हीच म्हणाला होता, नको सांगू. मी तुम्हाला विचारलं होतं ना? तुम्हालाच विचारलं होतं."

मी म्हणालो, "मी चुकलो व्हतो तवा."

"तवा का आता?" म्हणालास, आणि फोन ठेवलास.

८ जानेवारी

डॉक्टरचा फोन आला. मी हातातला पेला खाली ठेवला, सांडेल म्हणून. तुला दवाखान्यात ठेवलंय. डोक्याचे फोटो काढले. आत थोडी सूज आहे, रक्त साकळलेलं नाही, पण लक्ष ठेवावं लागेल. त्यांनी तुला विचारलं, काल काय जेवलास, तर तुला सांगता आलं नाही. उद्या परत विचारणार, परवा परत विचारणार. सांगता यायला लागलं की बरं होतंय असं समजायचं. ही लीग तुझी संपली. पुढे खेळशील का, याला डॉक्टरनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. फोन, टीव्ही, उजेड काही दिवस बंद.

हौशीराम आणि राजश्री आजच्या गाडीनं निघाले. प्लॅटफॉर्मवर राजश्री माझ्या पाया पडली नाही. पहिल्यांदाच असं झालं. हौशीराम म्हणाला, "आबा, तुम्ही नका येऊ. तुमाला बघितलं तर त्यो चिडल. डॉक्टर म्हणतोय चिडू द्यायचं न्हाई." गाडी सुटेपर्यंत मी खांबामागे उभा होतो.

१० जानेवारी

पाशाकडे गेलो. दारातच उभा राहिलो. म्हणालो, "पाशाभाई, त्या दिवशी माझ्या तोंडातनं घाण निघाली."

तो खाटेवर बसला होता. म्हणाला, "आत या. दारात उभं राहून कुणी माफी मागतं का? थंडी हाय."

आत बसलो. सबानं चहा दिला. पाशा म्हणाला, "शाहरुखनं गोल मारला आन् हात वर केला न्हाई. तुम्ही टीव्ही लावला नव्हता म्हणून सांगतो." मग म्हणाला, "पोरगा चिडलाय म्हंजी जिता हाय, साहेबराव. चिडू द्या."

मला रडू आलं. त्यानं बघितलं नसल्यासारखं केलं.

१२ जानेवारी

हौशीरामचा फोन एकदाच आला. "झोपलाय," म्हणाला. "डॉक्टरशी बोललो की सांगतो," म्हणाला. मागून राजश्रीचा आवाज आला, काय म्हणाली ते कळलं नाही. त्यानंतर काही नाही. मी लावला तर लागत नाही. लागला तर उचलत नाहीत. डॉक्टरला सारखा लावायची लाज वाटते.

तू बोलत नाहीस ते रागानं की डॉक्टरनं बंदी केली म्हणून, मला कळत नाही. का बोलता येत नाही? हे लिहायला नको होतं. तुझी आजी म्हणते, "वाईट असतं तर राजश्रीनं कळवलं असतं." पण तीही सकाळपासून फोनजवळच बसलीय. भाजी चिरायची पाटी तिथेच आणून ठेवलीय.

आयुष, मला चार शिव्या दे. रेल्वेची नोकरी गेली म्हण, आबांनी घालवली म्हण, सगळ्या दौंडला सांग, मी कुणाचं तोंड धरणार नाही. सहा तारखेच्या दुपारीच फोन लावायला पाहिजे होता, तो लावला नाही, तेही सांग. आल्यावर माझ्याशी बोलू नकोस, सरळ वडगावला घरी जा. मी स्टेशनावर येणार नाही. पण तुझ्या तोंडानं एवढंच कळव, काल काय जेवलास. भाकरी की भात, आमटी कशाची. बाकी काही नको. बापाकडून नको, तू स्वतः सांग. लवकर कळव बाळा. आजच कळव.